गिळा आणि बोला

मी एक जुना काचेचा जार आहे. मित्रांनो, वैद्यकशास्त्राच्या इतिहासातलं एक मोठं पान माझ्या पोटातून गेलं आहे. म्हणजे, माझ्यात संत्र्याचा रस कालवत असत.

एकोणीसशे अडुसष्ट साली मी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या दवाखान्यात रुजू झालो. त्याआधी हेरॉइनच्या व्यसनावर उपचार म्हणजे बहुधा माणसाला कोंडून ठेवणं. सुटला की पहिल्याच कोपऱ्यावर पुन्हा सुई. मग डॉक्टरांनी मेथाडोन नावाचं जुनं वेदनाशामक रोज मोजून पाजून पाहिलं. माणसं झिंगली नाहीत, तडफडलीही नाहीत. कामाला जाऊ लागली. औषध कडू, शिवाय ते कोणी टोचून घेऊ नये, म्हणून रस. रसासाठी मी.

औषधाच्या खिडकीवर नर्स पेटवेबाई असत. त्यांचा नियम एकच: समोर प्यायचं आणि लगेच एक वाक्य बोलायचं. औषध गालात धरून बाहेर विकणारे कमी नव्हते.

लुशियस ट्रॉटर अकरा वर्षं सुईवर होता. लेकीने, व्हर्नाने, बजावलं होतं, "पपा, जूनमध्ये माझं लग्न. चर्चमध्ये नशेत डुलक्या घेणार असाल, तर वेदीपर्यंत मी एकटी चालत जाईन."

पहिल्या दिवशी पिऊन तो म्हणाला, "घाण आहे."

"वाक्य झालं. उद्या या," पेटवेबाई म्हणाल्या.

जानेवारीपासून तो एक दिवस चुकला नाही. समोरचा न्हावी टोमणा मारी, "काय लुशियस, एक नशा सोडून दुसरी धरलीस?"

"या नशेत मी आठ तास पोती उचलतो बाबा. तू शुद्धीत एक उचलून दाखव!"

लग्नाच्या सकाळी तो करड्या सुटात आला. प्याला.

"बोला."

"पाद्री विचारणार, ही मुलगी कोण सोपवतंय? तेव्हा म्हणायचं, मी."

"मग म्हणा की!"

"मी."

"ऐकू आलं नाही!"

"मी!"

सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो छाती काढून खिडकीशी उभा राहिला. "बाई, चर्चच्या दारापासून थेट वेदीपर्यंत डोळे सताड उघडे! रडली ती व्हर्ना. मी नाही."

मित्रांनो, मधुमेहाचं औषध रोज घेणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. यांनाही ठेवू नका. आणि काचेची भांडी वेळेवर विसळत जा.

लुशियसची तक्रार एकच होती. "लग्नाच्या जेवणात ताज्या संत्र्यांचा रस ठेवला होता. अगदी पाणचट! तुमच्या रसाची सर नाही."

आमचा रस पावडरीचा होता.