करंट तोडू नका

गावाला औषधाविना पाणी गेलं, बावीस जणांना हगवण लागली आणि बोट कुणाकडं, तर साधनाकडं. टाकीखालच्या खोलीतलं क्लोरीन सोडायचं मशीन तीच सांभाळायची ना. लोक म्हणाले, बाई मशीन बंद करून शेतात निंदायला गेली. लोकांच्या जिभेला हाड कुठं असतं? ती तिथंच होती. मशीनचा पडदा गोठला, मशीन आपोआप परत सुरू झालं, पण औषध काही सुटेना. तिनंच कंपनीच्या रणजीतला फोन लावला.

रणजीत शेजारच्या तांड्यावरचा, समजेल असं बोलणारा. "ताई, मशीन बंद पडताना कशानं पडलं ते मेमरीच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवतं. आपोआप परत सुरू झालं तरी ते ऱ्हातं. पण करंट तुटला की पुसलं. लाईट गेली तर बॅटरी हाय, तिला हात लावू देऊ नका. मी उद्या येऊन सगळं काढून देतो."

मेमरीतल्या त्या दोन ओळींवर तिची नोकरी होती, अब्रूही. ती दारातून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी रणजीतच्या आधी तालुक्याचे साहेबच आले, शिपाई घेऊन, पंचनाम्याला. पंच म्हणून तातेराव, तिचे चुलतसासरे.

"साहेब, करंट तोडू नका. आत पुरावा हाय."

"म्हणून तर सील करायचंय. चालू मशीनला सील करत नसतात."

"मामा, तुमी तरी सांगा."

"आता साहेबाला कायदा शिकवून राहिली का?" तातेराव म्हणाले. "हो बाजूला."

शिपायानं मेन पाडला, बॅटरीची वायर उपसली. मग सुतळी, लाख, शिक्के. पुराव्याची काय ती काळजी, बघत राहावं.

कागद तिच्यापुढं आला. 'मशीन बंद अवस्थेत आढळून आले.'

"आत्ता तुमीच बंद केलं की."

"समोर दिसतं ते लिहायचं असतं. दिसतंय ना बंद?"

तिनं सही केली नाही. साहेबांनी तेही लिहून घेतलं. तातेरावांनी मात्र चष्मा लावून, ठळक सही केली.

दुपारी रणजीत लॅपटॉप घेऊन आला. सील पाहून तो ओट्यावर टेकलाच.

"बॅटरी कुणी काढली?"

साधना तोंड उघडणार, तोच तातेराव बोलले, "आमी आलो तवा बंदच होतं बाबा. लिहेल हाय ना कागदावर."