मानुसशास्त्र

सारसोळ्याच्या दुर्गाबाईच्या अंगात दर मंगळवारी देवी यायची, आणि देवीला जे कळायचं त्यातलं निम्मं दुर्गाबाईला आधीच ठाऊक असायचं. यात लबाडी काही नव्हती. गाव खाडीकाठचं, एवढंसं. कोणाच्या घरात काय शिजतंय ते जाळी सुकवता सुकवता कळायचं. पंचाईत झाली ती नेरूळच्या इमारती उभ्या राहिल्यावर. तिथल्या बाया ताकाला जाऊन भांडं लपवावं तशा, "सहज आले होते" म्हणत यायच्या. कोणी साताऱ्याची, कोणी मालवणची. त्यांची कुलदैवतं निराळी, भुतं निराळी, दुखणी तर त्याहून निराळी. देवी घुमायची, पण बोलायचं काय ते तिला सुचेना.

म्हणून शहाण्णव साली एकुलती एक सोनल बारावी झाली, तेव्हा तिला लगेच देवीच्या पाटावर बसवायचा बेत दुर्गाबाईनं पुढं ढकलला. पोरीनं वाशीच्या कॉलेजात जावं, मात्र धंद्याला उपयोगी पडेल तेच शिकावं. सोनलला त्या पाटापासूनच पळायचं होतं. शाळेत पोरी तिला 'भगतीण' म्हणून चिडवायच्या, ते तिच्या मनातून अजून गेलं नव्हतं.

मग मायलेकींनी विषय निवडायला घेतले. दुर्गाबाईनं इतिहास उडवून लावला. मेलेली माणसं काय, आपणहून येतातच. अर्थशास्त्रानं माणूस कंजूष होतो असं तिचं मत. भूगोल बरा वाटला, कोणत्या मुलखात कोणता देव ते कळेल. पण त्यात देव नसतात, पाऊस आणि पिकं असतात, असं सोनलनं सांगितल्यावर तोही गेला. शेवटी सोनलनं हळूच मानसशास्त्राचं नाव काढलं.

"मानुसशास्त्र?" दुर्गाबाईचा चेहरा उजळला. "मंग ताच घे. मानुस वळखला का निम्मा भूत उतरला."

सोनलनं चूक सुधारली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पदवी घ्यायची, पुढं शिकायचं, मग एखाद्या इस्पितळात नोकरी धरायची आणि सारसोळ्याला फक्त सणाला यायचं, असा तिचा हिशेब होता. त्याबदल्यात मंगळवारी आईला हळदकुंकू हातात द्यायला बसणं तिला फार वाटलं नाही.

शेवटच्या वर्षी एका मंगळवारी जयमालाबाई आल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा बँकेत, वय चाळिशीच्या पुढं. अन्न गोड लागत नव्हतं, झोप उडाली होती, आणि जावेनं दिलेल्या साडीतून करणी झाली अशी त्यांची खात्री होती. देवी घुमली, लिंबू कापून झालं, तरी बाईंचा चेहरा होता तसाच. तेव्हा सोनलच्या तोंडून प्रश्न निघून गेला, की घरात कोणी गेलं का. मग सगळं बाहेर आलं. आई गावी वारली, निरोप वेळेवर आला होता, पण मुलाची दहावीची परीक्षा म्हणून त्या निघाल्या नाहीत. सोनलनं पुस्तकात वाचलेलंच सांगितलं, फक्त सोप्या शब्दांत: गावी जा, आईच्या खोलीत बसा, जे बोलायचं राहिलं ते मोठ्यानं बोला आणि रडा. साडीचं नाव तिनं घेतलं नाही.

पुढच्या खेपेला बाई आल्या त्या ओटीचं सामान घेऊन. चेहरा निवळला होता. दुर्गाबाई पाटावर बसलेली. तिच्यासमोरून बाई सरळ पुढं गेल्या आणि आपल्या निम्म्या वयाच्या पोरीच्या पायावर डोकं ठेवलं.

"आई, तुमच्यामुळं झोप लागली," त्या म्हणाल्या.

मी देवी नाही, हे सगळं पुस्तकात आहे, असं सोनल सांगणार होती. दाराशी आणखी बायका बसल्या होत्या, त्या तिच्याकडेच बघत होत्या. दुर्गाबाई पाटावरून उठली आणि बाजूला झाली.

सोनलनं बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. आणि तिला बरं वाटलं, हेच वाईट झालं.