अर्थ विचारू नका

तिऊचं खातं मी बंद पाडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला शहाणा समजायची चूक कुणी करणार नाही.

मी विचियन. फिचित या थाई शहरातल्या एका शाळेत एकतीस वर्षं मी इंग्रजी शब्दजुळणीच्या खेळाचा संघ घडवला. आमच्या पोरांना इंग्रजीत धड पाणी मागता यायचं नाही, पण सात अक्षरं हातात आली की ती भल्याभल्यांना रडवायची. गुपित एकच, मी याद्या पाठ करून घ्यायचो. एखाद्यानं हात वर करून "सर, याचा अर्थ काय?" विचारलं की मी डस्टर आपटायचो. "अर्थ विचारू नका. गुण किती ते सांगा!"

निवृत्त झाल्यावर तोच खेळ फोनवर फुकट खेळू लागलो. समोर जगभरातली माणसं, खरं नाव कुणाचंच नाही. मी 'म्हातारी मगर' झालो.

मे महिन्यात तिथं एक 'कच्ची पपई' भेटली. तिनं सलग तीन डाव मला धूळ चारली. तिसऱ्या डावात शेवटी 'झॅक्स' लावून पुढे गेली आणि वर लिहिलं, "आजी, दमलात? नारळपाणी घ्या."

माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, "झॅक्स म्हणजे काय?"

"माहीत नाही," असं उत्तर आलं, सोबत एक हसरा चेहरा.

सापडला चोर! अर्थ ठाऊक नाही म्हणजे शब्द यंत्राकडून घेते. मी तक्रारीचं बटण दाबलं, पुरावा म्हणून तिचं उत्तर जोडलं. दुसऱ्या दिवशी तिचं खातं बंद झाल्याचं कळलं. त्या दिवशी मी भात दोनदा घेतला.

जूनमधल्या गुरुवंदनेच्या गुरुवारी रुंगथिवा, म्हणजे आमची तिऊ, घरी आली. माझ्या संघातली सगळ्यात हट्टी पोरगी. आता माझ्या जागी तीच संघ चालवते. तबकात दूर्वा आणि वांग्याची फुलं होती. तिनं गुडघ्यांवर बसून माझ्या पायांशी डोकं टेकलं आणि उठेचना. रडत होती.

"सर, त्या खेळवाल्यांनी मला चोर ठरवलं. का, तर एका शब्दाचा अर्थ सांगता आला नाही! मुख्याध्यापिका म्हणतात, रविवारपर्यंत नाव स्वच्छ कर, नाहीतर संघ दुसऱ्याकडे देते."

"कुठल्या नावानं खेळतेस?" मी विचारलं.

"कच्ची पपई."

पंख्याखाली मला घाम फुटला.

"कोण कुठली मगर," ती डोळे पुसत म्हणाली, "हरली की चावते मेली! सर, तुम्ही साक्ष द्या. अर्थाशिवाय पाठ करायला आम्हाला तुम्हीच शिकवलंत, एवढंच लिहा."

तिनं फोन पुढे केला. साक्षीदाराचा अर्ज होता. नाव, गाव, नातं, सगळं भरलं. शेवटचा प्रश्न होता, 'या खेळात तुम्ही कोणत्या नावानं खेळता?'

"खेळत नसलात तर 'नाही' लिहा," तिऊ म्हणाली.

किती सोपं होतं! खोटं कशाला बोलू, मी 'नाही' लिहिलंसुद्धा. मग नजर तबकाकडे गेली. वांग्याचं फूल खाली मान घालून असतं, म्हणूनच ते गुरूला वाहतात, शिष्यानं नम्र असावं म्हणून. इथं मान खाली घालायची पाळी माझी होती. मी 'नाही' पुसलं, 'म्हातारी मगर' लिहिलं आणि फोन तिच्या हातात दिला.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मी हात जोडले. आमच्यात थोरला माणूस धाकट्याला आधी हात जोडत नाही, पण मी जोडले. लाजेनं मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

ती म्हणाली, "मग आता तरी सांगा ना सर. झॅक्स म्हणजे काय?"

मी तोंड उघडलं. झॅक्स असलेली ती यादी मी स्वतःच्या हातानं लिहिली होती, एकतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतली होती.

"मला माहीत नाही, तिऊ," मी म्हणालो.