शिसे सोडलेल्या भरमार बंदुकीचे मनोगत

नाकाडोंगरीच्या रानालगत, ताराचंदच्या घरी राहणारी मी एक जुनी भरमार बंदूक आहे. मित्रांनो, भरमार म्हणजे तोंडातून भरावयाची: आधी दारू, मग गोळी, आणि वरून गजाने ठासणी. माझा परवाना केवळ पीकरक्षणाचा. गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, आम्ही भंडाऱ्यातच राहिलो आणि रानडुकरेही आमच्याच वाट्यास आली! धान लोंबीवर आले की त्यांचा कळप अख्खी बांधी, म्हणजे धानाचे शेत, तुडवून चिखल करी. वनखात्याची परवानगी मिळाली म्हणजे ताराचंद मला खांद्यावर घेई आणि गाव माझे कौतुक करी.

पुढे एक दुःखद प्रसंग घडला. मारून पुरलेले डुक्कर शेजारच्या आनंदाबाईच्या कुत्र्याने उकरून खाल्ले. कुत्रा लटपटू लागला, त्याची दृष्टी गेली आणि तो मेला. मांसात विखुरलेले शिसे त्याच्या पोटात गेले, असे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले. एकट्या बाईची तेवढीच सोबत होती. डुकरांची वाट तिच्याच बांधीतून, धुऱ्याच्या बांधावरून जाई, परंतु तिने ताराचंदला बजावले, "तुह्या बंदुकीचं शिसं माह्या धुऱ्यावर नोको. धान गेलं तं जाऊ दे."

तिची बांधी ताराचंदला बंद झाली, म्हणजे दोघांचेही धान डुकरांच्या तोंडी! ताराचंदने शिसे सोडण्याचा निश्चय केला. भंडाऱ्यास जाऊन बाबूलाल तांबटाला जुनी गोळी दिली आणि त्याच वजनाची तांब्याची मागितली. जन्मभर गोळी तराजूवर जोखणारा माणूस हा ताराचंद! तांबे शिशाहून हलके. वजन जुळले, पण गोळी एवढी मोठी झाली की माझ्या तोंडात शिरेना. परत नेली तेव्हा बाबूलाल खो खो हसला.

"वजन मांगलं, वजन देल्लं. आता नळी फुगवून आनतं का, भाऊ?"

मग नळीच्या मापाने गोळी घडली. पण तांबे कठीण. शिशासारखे ते नळीला धरून बसेना, गोळी आत सैलच राही. अशात आनंदाबाईने धुऱ्यावर मडके ठेवले. "हे फोडून दाखव, मंग ये."

लोक जमले. बार झाला. मडके जागच्या जागी राहिले आणि हातभर दूर माती उडाली.

"डुक्कर मडक्याहून मोठं रायते गा! लागलंच असतं," कोणीतरी म्हणाले.

ताराचंदने मला खाली ठेवले. "लागलं असतं, पन कुठी? पोटात गोळी घेऊन कन्हत फिरलं असतं बिचारं. नाई काकी, आज मी तुह्या बांधीत येत नाई."

 आनंदाबाई घरात गेली आणि हातमागाच्या जुन्या लुगड्याची जाड चिंधी घेऊन आली.

"जात्याचा खुंटा सैल झाला तं आमी चिंधी गुंडाळून ठोकतो. तुह्या गोळीले बी गुंडाळून पाय."

चिंधी कधी जाड झाली, कधी पातळ. माझ्या नळीने पुष्कळ धूर सोसला. शेवटी एका सकाळी बार झाला आणि मडक्याच्या खापऱ्या उडाल्या. ताराचंदचे डोळे भरून आले.

"रडतं कायले?" आनंदाबाई म्हणाली. "माहं मडकं फोडलंस, नवं आनून दे. अन् उद्यापासून माह्या मचानावर बस."

मित्रांनो, माझ्या तोंडातून जे सुटते ते कोठे कोठे जाऊन पोहोचते, याचा विचार बार करण्यापूर्वी करा. नेम साधत नसेल तर मला खाली ठेवण्यास लाजू नका. मला तेलाचा हात द्या, गंजू देऊ नका. आणि काम नसेल तेव्हा रिकामीच असू द्या. रिकामी राहण्यात मला कधीच कमीपणा वाटला नाही.