फ्रान्सवाल्याची शेवटची पानं

मालनबाईनं भेळ भरायला उचललेला कागद कल्याणनं तिच्या हातातून ओढून घेतला, तसे मूठभर चुरमुरे तिच्या मांडीवर सांडले. काष्टीच्या बाजारात शाळेचा शिपाई भेळवालीचे कागद हिसकावतोय म्हटल्यावर गिऱ्हाइकं आपसूक थांबली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

कल्याणनं कागद उलटा केला. एका बाजूला कुठल्याशा पोराची भूगोलाची उत्तरं आणि लाल शाईत शंभरापैकी अकरा गुण. दुसऱ्या बाजूला बारीक, उजवीकडे झुकलेलं याकोब सरांचं अक्षर.

"बाकीचं गठ्ठं कुटं हायती?" त्यानं विचारलं.

"हे काय हितं. रद्दीवाल्याकून घेतलं दुपारी," मालनबाई म्हणाली. "एक गठ्ठा तर सपला बी."

दुपारचे तीन वाजले होते. चार वाजता याकोब सर शाळेत येणार होते, हेच गठ्ठे न्यायला.

सर निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. तरुणपणी ते मिशनमधल्या एका म्हाताऱ्या स्विस फादरकडे फ्रेंच शिकले आणि फ्रान्सच्या एका नावाजलेल्या कादंबरीकाराच्या नादी लागले ते लागलेच. त्याचं आयुष्य आणि त्याची एकेक कादंबरी मराठी माणसाला उलगडून सांगायची, म्हणून बावीस वर्षं ते लिहीत होते. कोरे ताव विकत घेणं त्यांना उधळपट्टी वाटे. मुदत संपलेल्या उत्तरपत्रिकांतली एका बाजूनं कोरी राहिलेली पानं कल्याण त्यांना काढून द्यायचा. त्या बदल्यात मधल्या सुट्टीत सर लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचे. दहावीला तीनदा आपटलेल्या कल्याणच्या जिभेवर लेखकाचं नाव कधी बसलं नाही. "काय म्हणतोय आपला फ्रान्सवाला?" असं तो विचारायचा, जणू तो जामखेडला दिलेल्या बहिणीचा दीर होता.

सरांचं घर गळकं, म्हणून गठ्ठे शाळेच्या अडगळीच्या खोलीत असत. पोरांनी वाचून खिदळू नये म्हणून सर ते उत्तरांची बाजू वर करून बांधत. आज सकाळी मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, कॉम्प्युटर यायचे आहेत, दुपारच्या आत खोली रिकामी पाहिजे. कल्याणनं घाईघाईत रद्दी टेम्पोत भरली. लाल गुण दिसत होते आणि हात चालत होते. ज्या हातांनी पानं पुरवली, त्याच हातांनी ती भेळीच्या गाडीवर पोचवली. टेम्पो गेल्यावर दोन तासांनी रिकाम्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं, तेव्हा तो आधी रद्दीवाल्याकडे आणि तिथून मालनबाईकडे पळत सुटला. दुसरी प्रत नव्हती. सरांचा एक डोळा गेला होता, दुसरा जायच्या वाटेवर होता. आणि सोमवारी पुण्याचा प्रकाशक लिखाण घ्यायला येणार होता.

उरलेले गठ्ठे त्यानं मालनबाईकडून उचलले आणि भेळीबरोबर गेलेल्या पानांच्या मागे बाजारभर फिरला. बैलांच्या दावणीपाशी दोन पुडे मिळाले, कांद्याच्या ढिगाआड तीन. एका आजोबांनी भेळ संपेपर्यंत पुडा सोडला नाही. कल्याण त्यांच्यासमोर उकिडवा बसून एकेक घास मोजत राहिला. माणसाला इतकं सावकाश खाता येतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पावणेचारला शाळेत येऊन त्यानं पानं लावली. सगळी होती, फक्त शेवटची अकरा नव्हती. त्यांतच फ्रान्सवाल्याची अंत्ययात्रा होती, ती तेवढी बाजारात राहिली होती. कल्याणनं गठ्ठे पहिल्यासारखे बांधले. सांगायचं की नाही, हे अजून ठरत नव्हतं. सरांना धड दिसत तर नाही, असं एक मन म्हणत होतं, आणि त्या मनाची त्याला लाज वाटत होती.

सर आले, काठी बाकाला टेकवून खुर्चीत बसले आणि गठ्ठ्यांवरून हात फिरवू लागले. शेवटच्या गठ्ठ्यावर हात थांबला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"कल्याण, याला चिंचेच्या चटणीचा वास येतोय."

मग कल्याणला राहवलं नाही. मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं, टेम्पोपासून आजोबांपर्यंत. सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा हात नुसता गठ्ठ्यावर पडून राहिला, आणि त्या हाताकडे बघणं कल्याणला जड गेलं.

"आता मला पुन्हा लिहिता येणार नाही रे," सर म्हणाले.

"मला याद हाय, सर," कल्याण म्हणाला. "धा येळा तरी आयकलंय."

कल्याण उभ्यानंच अंत्ययात्रा सांगू लागला. पाऊस थांबला होता. भाषणं करणारे पुढं होते. ज्यांच्यावर फ्रान्सवाल्यानं आयुष्यभर लिहिलं ते मागं होते, धुणं धुणाऱ्या बाया, हमाल, छापखान्यातली माणसं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सर डोळे मिटून ऐकत होते, आणि अधूनमधून त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

"आन सगळ्यात मागं," कल्याण म्हणाला, "टोपी हातात घिऊन एक शाळंचा शिपाई चालत हुता."

सरांचे ओठ थांबले.

"शिपाई मी लिहिला नव्हता, कल्याण."

कल्याण गोंधळला. "मला तर त्यो पयल्यापासनं दिसतोय, सर."

बाहेर बाजार उठायला लागला होता. सरांनी चाचपडत खिशातलं पेन काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"मग असेल," ते म्हणाले. "बस. लिहून काढ."

कल्याणनं हात पॅंटला पुसले. अडगळीच्या खोलीत उरलेलं एक उत्तरपत्रिकेचं पान त्यानं शोधून आणलं, कोरी बाजू वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसला.