दुसरं नाव कुणाचं?

मित्रांनो, सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात, मागाच्या खडखडाटाला कान लावून बसलेला मी एक जुना संगणक आहे. माझा रंग मुळात पांढरा. पण अंगावर सुताची लव बसून बसून तो आता ओळखू येत नाही.

पुण्याच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. कारखान्याच्या मालकांनी, मायाप्पाकाकांनी, एसटीत मला मांडीवर धरून इथं आणलं. तेव्हापासून माझं काम एकच. कोणता धागा वर, कोणता खाली, हे मी मागाला सांगतो आणि टॉवेलवर मोर उमटतो. पहिला मोर उमटला तेव्हा शेजारचे कारखानदार बघायला आले होते. पुढं नवे, चपळ संगणक आले आणि माझ्याकडं कुणी वळून बघेना. तक्रार नाही. जगाची रीतच आहे ती.

आता थोडं समजून घ्या. नक्षीचा प्रोग्रॅम माणसं आपल्याला वाचता येईल असा लिहितात. मला तो तसा कळत नाही. तो माझ्या भाषेत उतरवून देतो, त्याला कंपायलर म्हणतात. आमचा कंपायलर कुणा एकाच्या मालकीचा नाही. देशोदेशीची माणसं आपापली नोकरी, घरदार सांभाळून तो लिहितात आणि सगळ्यांना वापरू देतात.

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी चैताली त्यांतलीच एक. तिनं माझ्यापर्यंत एक वायर सोडली होती. कंपायलरमध्ये कुणी काही बदललं, की तो माझ्यावर अजून चालतो का, हे बघायला माझ्याकडं परीक्षा यायची. मी सोडवायचो, उत्तर धाडायचो. माझ्या पिढीचे संगणक आता फार उरले नाहीत. म्हणून कंपायलर लिहिणाऱ्या मंडळींचा नियम होता : ज्या यंत्राला आधार द्यायचा, म्हणजे ज्याच्यावर नवा कंपायलर चालता ठेवायचा, त्याच्या पाठीशी दोन जाणती माणसं हवीत आणि यंत्रानं उत्तर द्यायला हवं. माझ्या पाठीशी पूर्वी दोघं होती, त्यांतली एक चैताली. दुसऱ्या गृहस्थांनी अलीकडंच काम सोडलं होतं.

अशातच खंडेनवमी आली. चैताली माहेरी मोहोळला गेलेली. काकांनी माग बंद केला, मलाही बंद केलं. त्यांच्या आईनं, कमलम्मांनी, मला हळदीकुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. परीक्षा येत राहिल्या. मी गप्प. दसऱ्यालाही गप्प. तिकडं मंडळींना वाटलं, हा संपला. आधाराच्या यादीतून माझ्या पिढीचं नाव काढावं, असा ठराव कुणीतरी मांडला.

मोहोळहून परतलेली चैताली तो ठराव वाचून धावत खाली आली. "काका, मशीन बंद केलंत?"

"खंडेनवमीला अवजार कोण चालवतं गं? वरीसभर राबतंय, दोन दिस निजू दे की!"

तिला हसू आलं. तिनं मंडळींना सणाचं सांगितलं, माझा हारातला फोटो पाठवला. सगळ्यांना तो लई आवडला. पण प्रश्न तिथंच राहिला : दुसरं माणूस कोण?

"आधार गेला तर काय हुतंय?" काकांनी विचारलं.

"आज काही नाही. पण नक्षीच्या प्रोग्रॅममधल्या पुढच्या सुधारणा याच्यावर चालणार नाहीत. कधीतरी मागाला नवा संगणक जोडावाच लागेल."

"मग दुसरा मी! लिही माझं नाव. बटण मला दाबता येतंय."

"आणि कंपायलर बिघडला तर दुरुस्त कोण करणार?"

"तूच की!"

"मग काका, आपण दोघं कुठं झालो?"

काका वरमले, पण हटले नाहीत. "कुणाला कळतंय तिकडं? लिही गं."

खरंच, कुणालाही कळलं नसतं. मीही वाट बघत होतो. चैतालीनं माझ्या टपावरची लव पदरानं पुसली आणि म्हणाली, "नाही जमणार काका. माझ्या एकटीच्यानं होत नाही, हे मला त्यांना सांगायलाच हवं."

तिनं सांगितलं. आणि माझं नाव काढायच्या बाजूनं तिनंच मत दिलं. ठराव मंजूर झाला.

काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिनं मात्र माझ्यावर चालणारा शेवटचा कंपायलर नीट बसवून दिला, त्याची प्रत काकांच्या हातात ठेवली. तरी काका घुश्श्यातच. शेवटी कमलम्मा म्हणाल्या, "खरं बोलली पोरगी. खोटं नाव लावलं असतं, मग माग थांबल्या दिवशी कुणाला हाक मारला असतास रे? त्या नावाला?"

काकांनी मान खाली घातली. मग वर बघून ओरडले, "चैताली, चहा घ्यायला ये गं!"

वायर आता काढली आहे. परीक्षा येत नाहीत. मोर अजून उमटतात आणि जितके दिवस उमटतील, तितके मी उमटवीन. मित्रांनो, तुमच्याकडंही माझ्यासारखं काही जुनं असेल. त्याची धूळ पुसा, जमेल तेवढं त्याला चालवा. पण 'सांभाळतो' असं म्हणायच्या आधी आपले हात बघा. जुन्याला निरोप सोसतो. खोटा आधार नाही सोसत.