दहा पॉइंट शून्य

शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी विषय निवडायचा अर्ज एका पानाचा होता. प्रगत भौतिकशास्त्र, प्रगत रसायनशास्त्र, प्रगत जीवशास्त्र. तिन्हींपैकी दोन घ्यायचे आणि प्रत्येकापुढे त्या त्या शिक्षकांची सही आणायची. सही नाही मिळाली तर त्या जागी सामान्य विज्ञान. धाकटीने भौतिकची सही सोमवारीच उरकली. रसायनची तर काय, घरचीच, असं ती धरून चालली होती. वर्गात पहिली, जर्नल लखलखीत, आणि मोठी बहीण रसायनच्या बाईंची एकेकाळची लाडकी. औषधांच्या कारखान्यात, जिथे प्रत्येक गोळीतलं औषध तपासतात तिथे काम करायचं, हे तिने सातवीत ठरवून टाकलं होतं. त्या वाटेवर प्रगत रसायन टाळून पुढे जायची सोय नव्हती.

बुधवारी बाईंनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं आणि जर्नल उघडलं ते नेमकं टायट्रेशनच्या पानावर. शंकूपात्रात दहा मिलिलिटर आम्ल घ्यायचं, वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब अल्कली सोडायची, रंग गुलाबी झाला की नळ बंद करून किती अल्कली लागली ते लिहायचं. धाकटीने तीनदा लिहिलं होतं. 10.0, 10.0, 10.0.

"अक्षर छान आहे," बाई म्हणाल्या. "किती आलं होतं तुला?"

"दहा पॉइंट शून्य, बाई."

"तिन्ही वेळा?"

"हो."

बाईंनी चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसला. "त्या दिवशी अल्कली मी घाईघाईत केली होती. पाणी जास्त पडलं. मला चार दिवसांनी कळलं. उत्तर साडेअकराच्या आसपास यायला हवं होतं. वर्गात तुम्ही तीस जण. सत्तावीस जणांचं दहा पॉइंट शून्य."

धाकटीची नजर पानावरच्या तीन दहांवर गेली.

"दोघांचं साडेअकराच्या जवळ. आणि एकाचं चौदा पॉइंट दोन. त्याच्या ब्युरेटचा नळ गळत होता."

"मग त्याचं काय झालं?"

"त्याची सही मी कालच केली. चौदा आलं, चौदा लिहिलं. खाली टीपसुद्धा दिलीय, 'टेबल ओलं झालं'." बाई हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज तिच्याकडे सरकवला, रसायनपुढची जागा कोरीच. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

त्या शाळेत जर्नलं वरून खाली येत. मोठ्या भावंडाचं जर्नल धाकट्याकडे, आणि ज्याला भावंड नाही तो शेजाऱ्याकडून मागून आणायचा. याला कोणी कॉपी म्हणत नसे. प्रयोग सगळे मनापासून करत, फक्त उत्तर जुन्या जर्नलशी जुळलं नाही तर स्वतःचं खोडत.

घरी ताई पलंगावर पुस्तकं पसरून बसली होती. खिडकीशी आईचं शिलाई मशीन चालू होतं.

"तुझ्यामुळे माझी सही अडली," धाकटी दप्तर टाकत म्हणाली.

"आल्या आल्या माझ्यावर? मी काय घोडं मारलं?"

"तुझ्या जर्नलात दहा पॉइंट शून्य लिहिलंय."

"असणारच. वरच्या मजल्यावरच्या दादाच्या जर्नलात तेच होतं."

"म्हणजे तू प्रयोग केलाच नाहीस?"

"केला की. नऊ पॉइंट सहा आलं. पण दादाचं दहा होतं, आणि तो केवढा हुशार."

"आणि त्याने कुठून आणलं?"

"त्याच्या मावसबहिणीकडून असेल. घराण्याचा दागिना आहे तो, पिढ्यान्पिढ्या चालत आलेला. तू घातलास, बाईंनी बघितला, एवढंच."

धाकटीला हसू आलं आणि त्याचा रागही आला. आईने मशीन थांबवलं. "माझ्याकडे गिऱ्हाईक येतं. म्हणतं, कंबर अठ्ठावीस. टेप सांगते एकतीस. वहीत काय लिहू?"

"एकतीस," धाकटी म्हणाली.

"एकतीसच लिहिते. आणि वर म्हणते, अठ्ठावीसच आहे हो तुमची."

"म्हणजे आईपण खोटंच बोलते," ताई म्हणाली.

"तोंडाने बोलते. वहीत नाही. वहीत बोलले तर कपडा कोण घालणार, तू?" आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

जेवताना धाकटीचं लक्ष नव्हतं. तिला ती दुपार आठवत होती. कच्च्या कागदावर तिने लिहिलं होतं: 11.3, 11.4, 11.4. दहापाशी ती दरवेळी थांबायची, शंकूपात्र पांढऱ्या टाइलवर धरून गुलाबी रंग शोधायची, आणि तो नसायचा. तिसऱ्यांदाही नव्हता. तेव्हा तिला वाटलं, आपला डोळाच चुकतोय. मग कागद चुरगळून टाकला. खोटं बोलल्याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून एक गोष्ट जास्त टोचत होती. तीनदा तेच घडलं आणि एकदाही तिच्या मनात आलं नाही की हे असं का? गोळ्या तपासायला बसल्यावर आपण डब्यावरचाच आकडा उतरवून काढणार का?

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती वही आणि अर्ज घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली.

"बाई, मला अकरा पॉइंट चार आलं होतं. मी खोडून दहा लिहिलं. काल तुमच्यासमोरही खोटं बोलले."

"कच्चा कागद आहे?"

"टाकला."

"मग आता तू अकरा म्हणतेस ते मी काल सांगितलं म्हणून नाही कशावरून?"

खरं बोलल्यावर लगेच सुटका होते, असा तिचा समज होता. "नका विश्वास ठेवू," ती म्हणाली. "मला परत करू द्या."

बाईंनी डबा बाजूला ठेवला. पाठमोऱ्या उभ्या राहून त्यांनी एका बाटलीत साठ्यातली तीव्र अल्कली ओतली, वर नळाचं पाणी घातलं, किती ते मोजलं नाही, आणि बाटली हलवली. "घे. याचं उत्तर मलाही माहीत नाही."

पहिल्यांदा आलं 8.7. दुसऱ्यांदा 8.9. तिसऱ्यांदा गुलाबी जरा गडदच झाला, 9.3. धाकटीने तिन्ही आकडे शाईने लिहिले, आणि शेवटच्यापुढे लिहिलं, 'नळ उशिरा बंद केला'.

"मग उत्तर काय धरायचं?" बाईंनी विचारलं.

"अजून सांगता येत नाही. पहिल्या दोन्हींत पण पॉइंट दोनचा फरक आहे. आणखी दोनदा तरी करावं लागेल."

"घंटा होईल."

"पुढचा तास खेळाचा आहे, बाई. कोणी शोधणार नाही."

बाई स्टुलावर बसल्या आणि डबा उघडून खाऊ लागल्या. धाकटीने ब्युरेट पुन्हा भरलं, गुडघे वाकवून डोळा द्रावणाच्या पातळीला आणला. 8.8. शंकूपात्र धुऊन पुन्हा. थेंब पडायचा, गुलाबी उमटायचा, पात्र फिरवलं की विरायचा. एक थेंब टोकाला लोंबत राहिला आणि तो पडेपर्यंत तिने श्वास घेतला नाही. पुन्हा 8.8.

आकडा लिहायला ती वळली, तेव्हा वहीशेजारी अर्ज पडलेला दिसला. रसायनपुढे सही होती, शाई वाळलेली. बाई केव्हाच निघून गेल्या होत्या. धाकटीने आधी 8.8 लिहिलं आणि मग अर्ज उचलला.